अर्धी साक्ष

कांद्याच्या माना पडायला लागल्या की गावातली शाळा निम्मी रिकामी व्हायची. पात पिवळी होऊन वाफ्यावर आडवी पडली म्हणजे कांदा जमिनीत ठेवून चालत नाही, आणि एवढा कांदा उपटायला, सुकवायला, कापायला मोठ्यांचे हात पुरत नाहीत. मग ज्या घरात जे पोर विळा धरण्याएवढं असेल ते वाफ्यात उतरायचं. हजेरी मात्र भरलेली लागायची. शाळेतल्या बाईंना वरून विचारणा नको, आईबापांना कटकट नको, असा तो सगळ्यांच्या सोयीचा मामला. त्याबद्दल उघड बोलणारं तोंड गावात एकच होतं, ते लवंगीचं.

लवंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लग्न होऊन आली तेव्हा महिन्याभरातच सासूनं शेजारणीला सांगितलं, सून म्हणून आणली आणि निघाली लवंगी मिरची. दिसायला एवढीशी, झोंबायला मात्र पुरेशी. ते नाव चिकटलं. नवऱ्याचं अगदी उलट. त्याचे दिवसभराचे शब्द ओंजळीत मावले असते, म्हणून लोक त्याला मौनी म्हणत. गावाच्या वरच्या अंगाला दोघांचा जमिनीचा तुकडा होता. तो आटोपला की दुसऱ्यांच्या वाफ्यात मजुरीला जायचं. थोरली मुलगी सहावीत होती, धाकटी दुसरीत.

त्या वर्षी काढणीच्या ऐन भरात मास्तरांचा निरोप आला.

मास्तर म्हणजे आता आमदार. पण तरुणपणाची बरीच वर्षं त्यांनी याच गावात शिकवण्यात घालवली होती, त्यामुळे गावाच्या तोंडातून आमदारसाहेब काही निघत नसे. शाळेत तेव्हा तीन शिक्षक होते. मास्तरांची आणि मौनीची दोस्ती कशी जमली हे कुणाला कळलं नाही. एक अखंड बोलणारा, दुसरा अखंड ऐकणारा, म्हणूनच जमली असेल. संध्याकाळी मास्तर बायकांना अक्षरं शिकवत. लवंगी तिथंच वाचायला शिकली, बोटानं ओळ धरून, हळूहळू. पुढं शिक्षकांच्या जागा रिकाम्या राहायला लागल्या तेव्हा मास्तरांनी जिल्ह्याच्या कचेरीवर मोर्चा नेला, नोकरी सोडली, निवडणुकीला उभे राहिले. लवंगी त्यांच्यासाठी वाड्या पालथ्या घालत फिरली. टाचा फुटल्या, घसा बसला. मास्तर निवडून आले तेव्हा तिला वाटलं होतं, आपल्या घरातलंच कुणीतरी वर जाऊन बसलं.

आता मास्तर दुसऱ्यांदा निवडून आले होते आणि शाळांचा नवा कायदा करायला जी समिती नेमली होती तिचे प्रमुख होते. समिती गावोगाव जाऊन लोकांचं ऐकणार होती. मौनीच्या फोनवर त्यांनी सांगितलं, आपल्या गावात मी स्वतः येतोय, वहिनींना म्हणावं मोकळेपणानं बोला, हातचं राखू नका.

गावच्या पुढाऱ्याचं मत वेगळं होतं. घरोघर फिरून त्यानं बजावलं, की सगळं उत्तम आहे एवढंच म्हणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. साहेब लोक आपल्या घरचे नसतात, आले तसे जातात. मौनीच्या दारात येऊन त्यानं लवंगीकडे बघत हे दोनदा सांगितलं. लवंगी पात कापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "साहेब नसतील. मास्तर घरचेच आहेत."

समिती आली त्या दिवशी ऊन असं होतं की पत्र्याकडे बघवत नव्हतं. शाळेच्या मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. कोपऱ्यात छताचा पत्रा उचकटलेला होता, तिथं पुढाऱ्यानं फळा उभा करून ठेवला होता. बायका वाफ्यातून तशाच आलेल्या. पदराला माती, हातांना कांद्याचा वास. मास्तर आले. केस पांढरे झाले होते, चष्मा बदलला होता, पण दारातून आत येताना पहिल्यासारखंच वाकले, जणू चौकट अजून त्यांच्या डोक्याला लागेल. सोबत दोन आमदार होते, काही अधिकारी होते आणि एक मुलगी सगळं टिपून घेत होती.

पुढारी बोलला. सगळं उत्तम होतं. बाईंनी सांगितलं, सहकार्य चांगलं आहे. आणखी एकदोघांनी तेच म्हटलं. मास्तर ऐकत होते, पण नजर बायकांच्या बाजूला फिरत होती. शेवटी ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही गप्प? मौनीची लागण झाली वाटतं."

लोक हसले आणि लवंगी उठली.

तिनं काहीच हातचं राखलं नाही. कांद्याच्या दिवसांत पोरं शाळेत नसतात, असं सांगितलं. तीन शिक्षकांच्या जागी एकट्या बाई आहेत, त्या मीटिंगला गेल्या की शाळेला कुलूप. सात वर्ग दोन खोल्यांत बसतात; एकाला शिकवताना बाकीचे भिंतीकडे बघत बसतात. फळ्यामागचा पत्रा उडालाय. "माझी थोरली सहावीत आहे," ती म्हणाली, "पण औषधाच्या बाटलीवरचं वाचायला सांगितलं तर माझ्याएवढीच अडखळते. शाळा नावाला आहे, मास्तर. पण ती आहे म्हणून पोरी दुपारपर्यंत तरी वाफ्याबाहेर राहतात. तेव्हा ती नीट करा. दोन शिक्षक द्या. सुट्टी मे महिन्यात नको, काढणीत द्या, आणि मेमध्ये शाळा भरवा. एवढं केलंत तर एक पोर घरी राहणार नाही, माझी जबान."

बाईंनी मान खाली घातली. लवंगीला तेव्हाच कळलं, की बाईंना हे लागलं, पण बाण सुटून गेला होता. टिपून घेणारी मुलगी भराभरा लिहीत होती. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मला नेमकं हेच ऐकायचं होतं."

गाडीत बसण्याआधी त्यांनी मौनीच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी गेल्यावर बायका पुन्हा वाफ्यात गेल्या. लवंगीचा विळा त्या दिवशी असा चालला की टोळीची मुकादमीण म्हणाली, जरा हळू, कांदा पळून नाही जात.

मौनी घरी आल्यावर पाणी पिता पिता एवढंच म्हणाला, "बाईंचं नाव काढायला नको होतं."

"नाव कुठं काढलं? खरं तेच सांगितलं."

त्यानं तांब्या पालथा घातला आणि बाहेर गेला.

काढणी संपली. कांदा निवडून साठवणीच्या चाळीत भरला. मोठा वेगळा, मध्यम वेगळा, जोड आणि कोंब आलेला घरी खायला. लवंगीच्या बोटांच्या चिरा रसानं चरचरत होत्या. त्या दिवसांत तिचं मन मात्र हलकं होतं. दोन शिक्षक आले तर थोरलीचं सातवीचं वर्ष नीट जाईल, असा हिशेब ती मनात मांडत असे. सासूलासुद्धा तिनं सांगितलं होतं, की बघा, पुढच्या साली बदल दिसेल. सासू म्हणाली होती, दिसला तर मला दाखव, मला तसंही कमी दिसतं.

अधिवेशनात नवा कायदा आला त्या दिवशी पुढाऱ्यानं किराणा दुकानातल्या टीव्हीसमोर बाकं मांडली. आपल्या मास्तरांचं भाषण म्हणून बरीच माणसं जमली. लवंगी दोन्ही मुलींना घेऊन पुढंच बसली होती.

मास्तर उभे राहिले. सुरुवातीचं बरंचसं तिला कळलं नाही. दर्जा, संसाधनं, समूह शाळा असे शब्द जात होते. मग त्यांनी आवाज खाली आणला. गावात असताना एखाद्या पोराला समजवायचं असलं की आणत, तसाच. म्हणाले, हा कायदा मी कचेरीत बसून लिहिलेला नाही, गावागावात जाऊन आयांना विचारलं आहे. माझ्याच मतदारसंघातली, वाफ्यात राबणारी एक आई भर सभेत उभी राहिली. तिनं सांगितलं, काढणीला पोरं शाळेत नसतात, हजेरी खोटी लागते, शाळेला कुलूप असतं. "त्या आईचे शब्द मी या सभागृहापुढं ठेवतो. ती म्हणाली, मास्तर, शाळा नावाला आहे." मास्तर थांबले. "अध्यक्ष महाराज, नावाला असलेल्या शाळा चालू ठेवून आपण त्या आईची फसवणूक करत आहोत."

सभागृहात बाकं वाजली. कायदा मंजूर झाला. ज्या शाळांत मुलं कमी आणि हजेरी डळमळीत, त्या बंद करून जवळच्या मोठ्या शाळेत मिळवायच्या. गावाला जवळची म्हणजे खिंडीपलीकडची, सडकेवरची. मुलांसाठी बस देणार होते.

लवंगी पडद्याकडे बघतच राहिली. तिला वाटत होतं, मास्तर आता पुढचं बोलतील. दोन शिक्षकांचं, सुट्टीचं. तिनं तर एका दमात सांगितलं होतं सगळं. पण मास्तर खाली बसले आणि पडद्यावर दुसराच माणूस आला. तिनं मान वळवली तेव्हा दुकानातले सगळे टीव्ही सोडून तिच्याकडे बघत होते.

पुढाऱ्यानं टीव्ही बंद केला. तो चिडला नाही, ओरडला नाही. नुसता म्हणाला, "घरचेच होते ना?"

त्यानंतरचे दिवस लवंगीला अंगावर काढावे लागले. भांडण कुणी केलं नाही, केलं असतं तर बरं झालं असतं. भांडणात तिचा हात कुणी धरला नसता. बायका बोलायच्या, पण ती आली की विषय दुसराच निघायचा. रोपवाटिकेतलं तण काढायला टोळी निघाली तेव्हा मुकादमीण तिच्या दारावरून गेली आणि तिला हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी लवंगी न बोलावता गेली, रांगेत बसली. तिच्या दोन्ही बाजूंना एकेका बाईची जागा मोकळी राहिली. दिवसभर ती तशीच, दोन फटींच्या मध्ये, पुढं सरकत राहिली. पोरांनी धाकटीला शाळाबुडवी म्हणायला सुरुवात केली. धाकटीला वाटलं शाळा बुडवते म्हणून म्हणतात. ती रडत सांगायची, मी रोज जाते.

बाईंची बदली झाली. ट्रंक, गादी आणि कुंडीतलं एक झाड घेऊन त्या गाडीची वाट बघत उभ्या होत्या. लवंगी धावत गेली, ट्रंक उचलू लागली. बाईंनी ट्रंकेवर हात ठेवला आणि अतिशय सभ्यपणे म्हणाल्या, राहू द्या, तुम्हाला कामं असतील. आणखी चार शब्द बोलल्या असत्या तर लवंगीनं पाय धरले असते.

सासूनं तेवढं तोंडावर सांगितलं. "केसानं गळा कापला म्हणतात तो असा. कापणारा दिसतसुद्धा नाही, आणि रक्त मात्र तुझ्याच अंगावर."

मौनीनं सायकल काढली ती आठवडी सुट्टी बघून. मागं लवंगीला बसवलं आणि दोघं मास्तरांच्या घरी शहराला निघाले. खिंड उतरून सडकेला लागले, तिथून बस. मास्तरांच्या घराच्या ओसरीवर माणसं बसली होती. कुणाची बदली, कुणाचा दाखला, कुणाचा पोरगा. एका तरुणानं त्यांना कुठून आलात विचारलं आणि बाकाच्या टोकाला बसवलं. ऊन सरकत पायांवर आलं, मग मांडीवर आलं. मास्तरांची बायको एकदा दारात आली, ओळख पटून जागच्या जागी थबकली, पाणी पाठवून दिलं आणि पुन्हा दिसली नाही. लवंगीनं येताना काय काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं. बसून बसून त्यातलं निम्मं विरून गेलं.

आत बोलावलं तेव्हा मास्तर एकटे होते. त्यांनी उठून दार लावून घेतलं. तब्येत विचारली, कांद्याचं विचारलं. लवंगी उभीच होती.

"मी सांगितलं त्यातलं अर्धंच का बोललात, मास्तर?"

मास्तर खोटं बोलले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते खोटं बोलले नाहीत. खुर्चीत मागं टेकून ते सावकाश सांगत राहिले. दोन शिक्षकांचं कलम त्यांनी स्वतः लिहिलं होतं, काढणीच्या सुट्टीचंही. ते वरच्यांनी काढायला लावलं. एवढे शिक्षक नेमायचे नव्हतेच मुळी. समिती नेमली तेव्हाच शाळा कमी करायचं ठरलेलं होतं. त्यांना विचारण्यात आलं, तुम्ही मांडणार की दुसऱ्याला देऊ? दुसरा आला असता तर बससुद्धा मिळाली नसती. बस त्यांनी भांडून घेतली.

"पूर्ण बोललो असतो, तर वहिनी, मला खाली बसवलं असतं."

"मग बसायचं होतं," लवंगी म्हणाली.

खोलीत पंखा फिरत होता. मास्तरांनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

"लोक मला विचारतात ते काय विचारतात?" ती म्हणाली. "तू का बोललीस. तुम्ही का बोललात हे कुणी विचारत नाही. तुम्ही माझं तोंड नेलंत, मास्तर. माझ्या तोंडानं शाळा बंद केलीत."

मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, जे झालं ते झालं, थोरलीचं नुकसान मी होऊ देणार नाही. शहरात मुलींचं वसतिगृह आहे, तिथं तिची जागा करून देतो, शिकेल तितकं शिकू दे. लवंगीनं विचारलं, आणि गावातल्या बाकीच्या पोरी? मास्तर म्हणाले, सगळ्यांचं मला कसं जमेल. त्यावर ती म्हणाली, मग माझ्या एकटीच्या पोरीची जागा घेऊन मी गावात कुठल्या दारानं शिरू? आणि वळून बाहेर आली.

परतताना चढावर दोघं उतरून चालायला लागले. खिंडीच्या तोंडाशी मौनी थांबला, सायकल हाताशी धरून. म्हणाला, "थोरलीला विचारायला हवं होतं."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या दिवसांत तिला कुणीच इतकं लागेल असं बोललं नव्हतं, कारण ते खरं होतं. घरी आल्यावर तिनं थोरलीला सगळं सांगितलं. थोरली ऐकून घेत राहिली, मग उठली आणि भांडी घासायला बसली. पुढचे कितीतरी दिवस ती आईशी कामापुरतंच बोलली. बापाचा गुण आता कुठं तिच्यात उतरला, असं सासू म्हणाली.

शाळेचं नवं वर्ष सुरू झालं तेव्हा बस खरोखरच आली. पिवळी, नवीन, पुढं फुगे लावलेली. पुढाऱ्यानं नारळ फोडून, तोंडभर हसत तिचं स्वागत केलं. काही दिवस ती रोज आली. मग एक दिवसाआड येऊ लागली. मग चढावर इंजिन तापतं म्हणून ती खिंडीपलीकडेच थांबायला लागली, म्हणजे अर्धी वाट चालायची ती चालायचीच. लहान मुलं गळाली. पाठोपाठ मोठ्या मुली गळाल्या, कारण खिंडीत एकटीदुकटीला पाठवायला आया धजावेनात. रोप लावणीचे दिवस आले तेव्हा गावातल्या बहुतेक मुली चिखलात उतरल्या होत्या.

थोरलीही एका सकाळी दप्तर न घेता, खोचलेल्या कपड्यांनी दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, चल, मी पण येते लावणीला.

लवंगीच्या हातात रोपांची जुडी होती. ती तिनं खाली ठेवली. "दप्तर आण," म्हणाली. दोन्ही मुलींना घेऊन ती खिंडीच्या वाटेला लागली. गार वारा होता, धाकटीचं नाक गळत होतं. सडकेवरच्या शाळेच्या फाटकात मुलींना सोडून ती परत आली तोवर टोळीनं एक सबंध पट्टा लावून टाकला होता. मुकादमिणीनं अर्धाच दिवस धरला. लवंगीनं वाद घातला नाही. घोट्याएवढ्या चिखलात उतरली आणि संध्याकाळी पुन्हा मुलींना आणायला गेली.

काही दिवस ती असंच करत राहिली. पोटऱ्या दगडासारख्या झाल्या. मग एका सकाळी शेजारीण कुंपणापाशी उभी दिसली, तिच्या पोरीचे केस ओले विंचरलेले. शेजारीण लवंगीकडे न बघता पोरीला म्हणाली, जा काकूबरोबर. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी आल्या. मुकादमिणीची नात आली त्या दिवशी मात्र लवंगीला चालता चालता डोळ्यांवर पदर ओढावा लागला. आठवड्याभरात एवढी मुलं झाली की वाटेवर रांग लांबायची; पुढं लवंगी, शेवटी थोरली. थोरली कुणाला मागं राहू देत नसे. तिच्या हाका खिंडीत घुमायच्या आणि आईला त्या ऐकत चालायला आवडायचं. लावणीच्या रांगेत लवंगीच्या दोन्ही बाजूंच्या फटीही बुजल्या. कुणी माफी मागितली नाही. मुकादमीण सरकून बसली, एवढंच, आणि दिवस पुरा धरायला लागली.

हे असंच चाललं असतं. पण एका सकाळी मोठ्या शाळेच्या हेडमास्तरांनी लवंगीला फाटकात थांबवलं आणि अभिनंदन केलं. तिला काही उमगेना. त्यांनी सांगितलं, की बस बंद झाली, कालच हुकूम आला. पण वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या आमदारांनी सभागृहात तुमच्या गावचं उदाहरण दिलं. एक आई गावातली सगळी मुलं रोज पायी आणते, हजेरी वाढली, मुलांना व्यायाम झाला. जिथं लोक स्वतः पुढं येतात तिथं सरकारनं बस कशाला पाठवायची? आता सगळीकडे हेच करणार. योजनेला नावही दिलंय, मायेची पायवाट.

लवंगी म्हणाली, "बस चालू व्हावी म्हणून मी अर्ज देणार होते."

"आता कशाला?" हेडमास्तर म्हणाले. "तुम्ही आहात की."

परतीच्या वाटेवर ती खिंडीत एका दगडावर बसली. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. बोलली तर बोललेलं नेलं होतं. म्हणून गप्प राहून पाय उचलले, तर चाललेलंही नेलं. या माणसासाठी आपण एकदा घसा बसेस्तोवर हिंडलो होतो, हे आठवून तिला त्याचा नाही, स्वतःचाच राग आला. दुसऱ्या दिवशी न जाण्याचाही विचार तिच्या मनात येऊन गेला. पण अंगणात मुलं जमलेली होती, धाकट्यांच्या हातात डबे होते. ती निघाली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मास्तर आले. रांग सडकेला लागली तर समोर त्यांची गाडी उभी, शेजारी खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस आणि योजनेचं नाव लिहिलेलं लांब फडकं धरून दोन तरुण. मास्तरांनी गाडीतून उतरतानाच हात वर केला. पायात नवे बूट होते.

लवंगी थांबली. मागं सगळी रांग थांबली. तिनं मुलांना सांगितलं, बसा. सडकेकडेच्या झाडाखाली मुलं पटापट बसली, त्यांना बरंच झालं. ती स्वतःही बसली.

मास्तर चालत जवळ आले. पहिल्यासारखे बोलले. मौनी कसा आहे विचारलं, थोरली उंच झाली म्हणाले. मग म्हणाले, "चला वहिनी. शाळेपर्यंत मीही चालतो तुमच्याबरोबर."

"तुम्ही व्हा पुढं," लवंगी म्हणाली. "आम्ही बसतो जरा."

त्यांना वाटलं ती दमली. ते थांबले. कॅमेरावाला उन्हाची बाजू बघत फिरत होता. एकदोन मुलं उठायला लागली तशी थोरलीनं मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवली. ती आईकडे बघत नव्हती, मास्तरांकडे बघत होती. सडकेवरून ट्रक गेले, धूळ उडाली. दूर शाळेची घंटा झाली. मुलं चुळबुळली, पण उठलं कुणीच नाही. फडकं धरलेल्या तरुणांचे हात दुखून फडकं मध्ये लोंबू लागलं.

"वहिनी, उशीर होतोय पोरांना," मास्तर हळूच म्हणाले.

लवंगी वाटेकडे बघत होती. मास्तरांना आता समजलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं; बोलायला तोंड उघडलं तोच कॅमेरावाल्यानं विचारलं, साहेब, सुरू करू का? मास्तर वळले, गाडीत जाऊन बसले. फडकं गुंडाळलं गेलं. गाडी दिसेनाशी झाली तेव्हा लवंगी गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि मुलं तिच्यामागं निघाली.

शाळेत प्रार्थना होऊन वर्ग सुरू झाले होते. हेडमास्तर फाटकात आले. एवढा उशीर कसा, म्हणाले. पालकांनाच शिस्त नसेल तर मुलांना कुठून येणार. आणि इतके दिवस ज्या बाईचं उदाहरण सांगतोय तिनंच असं करावं? मुलं लवंगीच्या मागं गोळा होऊन ऐकत होती. थोरली मागून दोन पावलं पुढं आली. आई आता काय बोलेल याची तिला खात्री होती.

"कारण काय उशिराचं?" हेडमास्तरांनी विचारलं.

लवंगीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग फाटकाआत ठेवलेल्या हजेरीच्या टेबलाकडे पाहिलं.

"पाय दुखत होते," ती म्हणाली.

हेडमास्तरांनी मान हलवून मुलांना आत सोडलं. थोरली सगळ्यांत शेवटी गेली. दारातून तिनं वळून पाहिलं, तर आई पदरानं तोंड पुसत सडकेला लागली होती, लावणीला पोचायचं म्हणून भराभर चालत.